जावातल्या आमच्या खेड्यातली वाटणी आणि अंगणाच्या कोपऱ्यातलं घर

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

अकरा वर्षं झाली, मी मध्य जावातल्या क्लातेन जिल्ह्यात एका लहानशा शेतकरी गावात राहते. माहेर वाईचं, नवरा इथला. मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याचा हा मुलूख. माती काळीभोर, झऱ्यांना बारमाही पाणी, वर्षाला भाताची दोन पिकं हमखास आणि पाण्यानं साथ दिली तर तिसरंही. इथल्या संसाराबद्दल लिही म्हणून या मंचावरच्या काही जणांनी मागेच सांगितलं होतं. आज लिहायला बसले ती एका प्रश्नापायी. घरात वाटणी निघाली आहे आणि त्यातली एक गोष्ट मला झोपू देत नाही.

सासरे गेले त्याला पावणेतीन वर्षं झाली. इथे माणूस गेला की तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा दिवस करतात, मग वर्ष, दोन वर्षं, आणि शेवटी हजारावा दिवस. त्याला 'न्येवू' म्हणतात. थडग्यावर पक्का दगड बसतो तो त्यानंतरच. न्येवू होईपर्यंत जमिनीचं नाव काढायचं नाही, असं आमच्या घरात ठरलं होतं आणि सगळ्यांनी ते पाळलं. न्येवू झालं, घरोघरी जेवणाचे डबे पोचले, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंनी (आम्ही सगळे त्यांना सिम्बोक म्हणतो) आतून बिस्किटांचा डबा आणून चटईवर ठेवला.

खाँग ग्वान बिस्किटांचा तो लाल पत्र्याचा चौकोनी डबा जावात घरोघरी दिसतो. बिस्किटं केव्हाच संपलेली असतात. आमच्या डब्यात कागद होते. पिवळी पडलेली जुनी कराची पत्रकं, रबर लावून बांधलेल्या वर्षावर्षाच्या पावत्या, एकच एक पक्का मालकी दाखला, आणि सासऱ्यांनी वहीच्या पानावर पेन्सिलीनं काढलेला नकाशा. त्यात भातखाचरं होती, पाट होता, घर होतं, विहीर होती. अंगणाच्या ईशान्य कोपऱ्यात एक छोटा चौकोन होता आणि त्यात एवढंच लिहिलं होतं: 'म्बाह'.

म्बाह म्हणजे आजी. कोपऱ्यातल्या त्या घरात ती पन्नासेक वर्षं राहते आहे. घर तिचं, खालची जमीन आमची. तिच्या नवऱ्याला माझ्या आजेसासऱ्यांनी जागा दिली तेव्हा ना कागद झाला ना भाडं ठरलं. इथे अशा माणसाला 'मागेरसारी' म्हणतात. ती आमच्या नात्यातली नाही. पण माझी लेक जन्मली तेव्हा पहिले पस्तीस दिवस मला तेल लावून, पोट बांधून, हळदीचं जामू (काढा) पाजून जपलं ते तिनंच. इथे पस्तीस दिवसांचा हिशेब असतो. सात वारांचा आठवडा आणि बाजाराचा पाच दिवसांचा आठवडा पस्तिसाव्या दिवशी पुन्हा जुळतात.

आता भावंडं चार. थोरले दीर दूर जकार्ताजवळ बेकासीला कारखान्यात आहेत, मग नणंद, मग माझा नवरा, आणि शेंडेफळ धाकटे दीर. अंगणाची जागा चौघांत पडणार आणि ईशान्येचा कोपरा थोरल्या दिरांच्या वाट्याला येणार. सोलो ते योग्याकार्ता टोलरस्ता आमच्या जिल्ह्यातून गेल्यापासून जागेला भाव आला आहे. दीर वाईट माणूस नाहीत. मुलीच्या कॉलेजच्या पैशांसाठी त्यांना तो तुकडा विकायचा आहे. म्बाहचं काय, हे बैठकीत कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही, कारण माझं स्वतःचं नावसुद्धा इथल्या इंचभर जमिनीवर लागू शकत नाही. परदेशी माणसाला इथे पूर्ण मालकी मिळत नाही.

माझा प्रश्न असा. म्बाहचा कोपरा वाटणीच्या आधीच तिच्या नावानं वेगळा काढावा, असा आग्रह मी धरावा का? आणि धरला तर कसा?

बांधावरून

ताई, फार मनापासून लिहिलंय. आधी एक समजून घ्यायचं आहे. तिकडे सातबारासारखा काही उतारा असतो का? डब्यात एकच पक्का दाखला होता म्हणता, मग बाकीच्या जमिनी कशाच्या आधारावर तुमच्या?

दुसरं, आमच्याकडे सांगलीला निम्मी भांडणं बांध कोरण्यावरून होतात. तिकडेही?

कृष्णाकाठ

दादा, बाकीच्या जमिनी गावाच्या वहीच्या आधारावर. प्रत्येक गावाच्या कचेरीत 'लेतर चे' नावाची मोठी वही असते. कुणाच्या नावावर किती जमीन, कुठल्या प्रतीची, कर किती, हे त्यात असतं. मुळात ती डच अमदानीपासूनची करआकारणीची वही. कायद्यानं ती मालकीचा पुरावा नाही, पण पिढ्यान् पिढ्या गाव तिच्यावर चाललं आहे. गावचा चिटणीस, म्हणजे चारिक, ती वही कपाटात कुलपात ठेवतो. खरा दाखला भूमी कार्यालयाचा. त्याला 'हक मिलिक' म्हणतात. हक मिलिक, वारिस, हिबा (बक्षीस) हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा चकितच झाले. आपले हक्क, मालक, वारस, हिबा त्याच अरबी मुळातले.

हा सगळा डोलारा १९६० च्या मूलभूत जमीन कायद्यावर उभा आहे. तो २४ सप्टेंबरला झाला, म्हणून तो दिवस इथे शेतकरी दिन. पण दाखले मिळायला माणसांची आयुष्यं गेली. २०१७ पासून गावच्या गाव एकदम मोजून दाखले द्यायची मोहीम सुरू झाली, तेव्हा कुठे वेग आला. आमच्या वाडीची पाळी आता आली आहे, म्हणून तर घाई.

बांधाचं विचारलंत. बांधाला इथे गलेंगान म्हणतात, आणि एक जुनी जावानी म्हण आहे: 'सादुमुक बातुक, सान्यारी बुमी.' कपाळाला लागलेलं बोट असो की बोटभर रुंदीची जमीन असो, त्यासाठी जीव पणाला लावायचा. कपाळाला बोट म्हणजे बायकोची अब्रू. 'बुमी' म्हणजे भूमीच. तेव्हा बांध इथेही कोरले जातात. फरक एवढाच की मोठ्यानं कुणी भांडत नाही. एकमेकांशी बोलणं बंद होतं, आणि ते दहा दहा वर्षं तसंच राहतं.

दप्तरी

मी सातारा जिल्ह्यात तलाठी म्हणून चौतीस वर्षं नोकरी केली. ताई, तुमच्या त्या चारिकाच्या कपाटातली वही डोळ्यांपुढे उभी राहिली.

अनुभवाचं बोलतो. जमिनीच्या कामात माणसाच्या चांगुलपणावर विसंबू नये, मग तो माणूस कितीही चांगला असो. तुमचे आजेसासरे चांगले, सासरे चांगले, दीरही चांगले. पण दीर ज्याला विकतील त्याची म्बाहशी ओळख नसेल. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे कसेल त्याची जमीन झाली तेव्हा ज्यांचं नाव पीकपाहणीत होतं ती कुळं मालक झाली. ज्यांनी मालकाच्या शब्दावर नाव लावून घेतलं नव्हतं, ती तशीच राहिली. त्यांची नातवंडं माझ्या कचेरीच्या पायरीवर येऊन बसायची. "आजोबा तीस वर्षं कसत होते हो," म्हणायची. कागदात शोधून शोधून मला काही सापडायचं नाही.

लिहून घ्या. मोजणीदार येण्याआधी लिहून घ्या.

एक शंका. चौघांत वाटून तुकडे केवढे पडतात? तिकडे तुकडेबंदी नाही?

मांडवीकिनारी

आमच्या गोव्यात तुमच्या म्बाहला मुंडकार म्हणतात. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारा तो मुंडकार. माझी पणजी मुंडकार होती. भाटकाराच्या नारळांवर राखण ठेवायची, पाडप झालं की हजर राहायचं, लग्नकार्यात राबायचं, आणि त्यानं 'ऊठ' म्हटलं की उठायचं. १९७५ ला मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि घराखालची जागा विकत घ्यायचा हक्क मिळाला. पणजीनं ते पाहिलं नाही. आजीनं पाहिलं. कागद हातात आला त्या दिवशी तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे दारात फणसाचं रोप लावलं. तोवर तिनं एकही मोठं झाड लावलं नव्हतं. दुसऱ्याच्या जमिनीत लावलेलं झाड दुसऱ्याचं होतं ना!

तुमच्या म्बाहच्या दारात झाड आहे का?

कृष्णाकाठ

मांडवीकिनारी, तुमचा प्रतिसाद वाचून उठले आणि बाहेर जाऊन पाहून आले. तिच्या दारात मिरच्या आहेत, गलांगल आहे, पानवेल आहे, पपई आहे. मोठं झाड एकही नाही. अकरा वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

घराभोवतीच्या जागेला इथे पकरांगान म्हणतात. भाताच्या खाचरापेक्षा माझा जीव तिच्यात जास्त गुंतला आहे. आमच्या पकरांगानात नारळ आहेत, फणस आहे, मेलिंजो आहे (त्याच्या बिया कुटून पापडासारखे एंपिंग करतात), केळी, बांबूचं बेट, आळू, हळद, आलं, कोंबड्या, दोन शेळ्या. भात विकला जातो, पकरांगान खाल्लं जातं. हद्दीवर कुंपण नसतं. आंदोंग नावाचं लाल पानांचं झुडूप ओळीनं लावलेलं असतं, तीच हद्द. शेजारच्या बायका त्यामधून ये-जा करतात.

दप्तरीकाका, तुकडेबंदी इथेही आहे. १९६० च्याच दुसऱ्या एका कायद्यानं दोन हेक्टरांहून लहान तुकडा पडेल असा शेतजमिनीचा व्यवहार करायला मनाई केली, फक्त वारसाच्या वाटणीला सूट ठेवली. आणि जमिनी तर वारसानंच लहान होत गेल्या. अर्ध्या हेक्टराहून कमी जमीन असलेल्या शेतकऱ्याला इथे 'गुरेम' म्हणतात, आणि आमच्या वाडीत गुरेम नसलेलं घर शोधावं लागेल. आमची स्वतःची सगळी खाचरं मिळून अर्धा हेक्टर होत नाहीत. मोठी सलग शेतं दिसतात ती बहुधा 'बेंगकोक'. गावच्या मुखियाला, चारिकाला, पाटाचं पाणी वाटणाऱ्या उलू-उलूला पगाराऐवजी ती गावाकडून मिळत आली आहेत. आपल्या वतनासारखंच, पण वारसाहक्कानं चालत नाही. पद सुटलं की जमीन सुटली.

जकार्तावासी

मी बारा वर्षं जकार्तात आहे, माझ्या बायकोचं माहेर मध्य जावातलं. थोडा थंड डोक्यानं विचार करा, म्हणून हे लिहितो.

पहिलं. बेकासीच्या दिरांना खाचराचा वाटा घेता येईल का, तेच आधी बघा. १९६१ च्या नियमाप्रमाणे शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात राहायला हवा. बाहेर राहणाऱ्यानं ठरलेल्या मुदतीत जमीन दुसऱ्याला द्यायची. कुणी पाळत नाही हे खरं, पण नियम आहे. अंगणाच्या जागेला तो लागू नाही. म्हणजे भावंडांनी खाचर आणि अंगण यांची अदलाबदल केली तर सगळ्यांचंच सोपं होईल.

दुसरं. म्बाहला जागा द्यायची तर नात्याबाहेरच्या माणसाला हिबा होईल. आधी वारस म्हणून चौघांची नावं, मग जागेची फोड, मग दस्त, मग कर. त्यापेक्षा तहहयात राहू देण्याचा करार करा. म्बाहनंतर जागा कुणाची, हा प्रश्न राहणार नाही.

तिसरं. तुम्ही स्वतः पुढे होऊ नका. नवऱ्याला बोलू द्या.

कृष्णाकाठ

दादा, तिसऱ्या मुद्द्यावर मी बरीच रात्र विचार केला.

माझी स्थिति तुम्हाला ठाऊकच आहे. लग्नाआधी आम्ही मालमत्तेचा करार केला नव्हता, कारण असं काही असतं हेच माहीत नव्हतं. त्यामुळे लग्नानंतर नवऱ्यानं जमीन विकत घेतली असती तर ती दोघांची झाली असती, आणि परदेशी बायकोचा वाटा आला म्हणून वर्षाच्या आत सोडावी लागली असती. २०१६ मध्ये इथल्या घटना न्यायालयानं लग्नानंतरही असा करार करायला मुभा दिली. आम्ही तो केला. त्या कागदावर मी सही केली तेव्हा कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, "यापुढे इथे तुमचं काहीच नाही, हे समजलं ना?" मी हो म्हटलं. घरी आल्यावर सिम्बोकनी काही विचारलं नाही. फक्त तांदळाच्या डब्याची किल्ली माझ्या हातात दिली. वारसाची जमीन मात्र ज्याची त्याचीच राहते, ती नवराबायकोत मिसळत नाही.

तहहयात कराराचं म्हणता, पण म्बाहचा नातू आहे. आई मलेशियात घरकामाला, वडील नाहीत. तो बारा वर्षांचा आहे आणि म्बाहजवळ राहतो. म्बाहनंतर प्रश्न संपत नाही, तिथून तो सुरू होतो.

रानजाई

इतका वेळ नुसती वाचत होते. सिम्बोकचं स्वतःचं मत काय? आणि त्यांच्या नावावर काही आहे का? आपल्याकडे सासूचं मत विचारायची वेळ येते तेव्हा अंगठा झालेला असतो.

कृष्णाकाठ

रानजाई, हाच प्रश्न मी करायला हवा होता.

सिम्बोकच्या नावावर एक खाचर आहे. ते त्यांनी माहेराहून आणलं. लग्नात आपापलं आणलेलं ते 'गावान', संसारात दोघांनी मिळून जोडलेलं ते 'गोनो-गिनी'. गावान ज्याचं त्याचं. काडीमोड झाला तर गोनो-गिनी अर्धं अर्धं, गावान आपापल्या घरी परत. सासऱ्यांनी पंचेचाळीस वर्षं ते खाचर नांगरलं, पण पीक निघालं की पहिली पोती सिम्बोकच्या हिशेबात जायची. लग्न होऊन आले तेव्हा मला हे खरंच वाटलं नव्हतं.

मुलींना वाटाही मिळतो. जुनी रीत 'सपिकुल सगेंदोंगान', म्हणजे मुलाला कावडभर आणि मुलीला पाठीवरच्या झोळीभर. कावडीला दोन टोपल्या, म्हणून दोनास एक. इस्लामी वाटणीचं प्रमाणही तेच आहे, आणि १९९१ च्या इस्लामी कायद्याच्या संहितेत एक कलम आहे: आपापला वाटा समजल्यावर वारस राजीखुशीनं वेगळी वाटणी करू शकतात. आमच्या भागात बरीच घरं या वाटेनं समान वाटणी करतात. आमच्याकडेही नणंदेला समान.

पण म्हणून इथे सगळं आलबेल आहे, असं समजू नका. ज्यांच्याकडे वाटायला काही आहे त्यांचंच हे. म्बाहकडे कधी काहीच नव्हतं. तिच्या तरुणपणी कापणी आनी-आनीनं व्हायची. तळहातात मावणारं एवढंसं पातं, बोटांमध्ये धरून एकेक लोंब खुडायची. पातं दिसू द्यायचं नाही, नाहीतर भाताची देवी, म्हणजे 'देवी स्री', घाबरते, असं मानायचे. (स्री म्हणजे आपली श्रीच.) कापायला येईल त्या प्रत्येक बाईला 'बावोन', म्हणजे धान्याचा वाटा मिळायचा. नातं जवळचं तर वाटा मोठा. म्बाह हंगामात वर्षाचं भात जमवायची. मग बुटकं सुधारित भात आलं, ते आनी-आनीनं खुडणं परवडेना, विळे आले. मग उभं पीक व्यापाऱ्याला विकायची 'तबासान' रीत आली. व्यापारी आपली माणसं आणतो, गावच्या बायकांना बोलवत नाही. आता तर यंत्र येतं आणि तासाभरात खाचर मोकळं. २०२५ पासून सरकारनं ओल्या भाताचा खरेदी दर किलोला ६,५०० रुपिया ठरवला, त्याचा आम्हाला फायदा झाला. म्बाहला काय मिळालं?

क्लातेनमध्येच १९६४ साली भूमिहीनांनी सुधारणा कायदा अमलात येत नाही म्हणून जमिनींवर ताबे घेतले होते. पुढच्या वर्षी देशभर जे हत्याकांड झालं त्यात जावाची खेडी रक्तानं माखली. जमिनीविषयी बोलताना म्हातारी माणसं अजूनही आवाज खाली घेतात. म्बाहला मी एकदा तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं होतं. ती उठून चूल सारखी करायला गेली.

बांधावरून

ताई, माझं मत बदललं. आधी वाटत होतं की घरच्या भानगडीत सुनेनं पडू नये. आता म्हणतो, बोला. पण बैठकीत नको. आधी सिम्बोकशी एकट्यानं बोला, तेही कामात असताना.

दप्तरी

सहमत. आणि तो पेन्सिलीचा नकाशा जपा. त्यावर मयताच्या हातानं चौकोन काढलेला आहे. कायद्यात त्याला किंमत असो नसो, मुलांपुढे ठेवायला त्याहून मोठा कागद नाही.

कृष्णाकाठ

मंडळी, तीन आठवड्यांनी येते आहे. उशिराबद्दल माफ करा.

बांधावरूनदादांचं ऐकलं. शेजारी लग्न होतं, तिथे आम्ही बायका 'रेवांग'ला गेलो होतो. कुणाकडे कार्य असलं की वाडीतल्या सगळ्या बायका दोन-तीन दिवस त्या घरच्या चुलीवर राबतात, त्याला रेवांग म्हणतात. मी आणि सिम्बोक नारळ खवत बसलो होतो. मी एवढंच विचारलं, "बापांनी नकाशात म्बाहचा चौकोन का काढला असेल?" सिम्बोकचा हात थांबला. म्हणाल्या, "मीच काढायला सांगितला होता." मग पुन्हा खवायला लागल्या.

त्या रात्री सगळी मुलं बसली. सिम्बोकनी नकाशा मध्ये ठेवला आणि थोरल्यांना सांगितलं, "कोपऱ्याच्या बदल्यात माझ्या गावानच्या खाचराचा दक्षिणेकडचा भाग तू घे, धाकट्याला विक, तो गावातच राहतो. मुलीची फी त्यातून होईल." जकार्तावासींचा अदलाबदलीचा मुद्दा नवऱ्यानं आधीच सगळ्यांच्या कानावर घातला होता, त्याचा उपयोग झाला. दीर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सिम्बोकच्या गुडघ्याला हात लावला आणि "इंग्गिह", म्हणजे "हो", म्हणाले.

काल वाडीच्या मोजणीआधी हद्दीच्या खुंट्या रोवल्या. चारिक होता, शेजारी साक्षीला होते, चारही भावंडं होती. म्बाहच्या घराभोवती चार खुंट्या रोवल्या. पश्चिमेची खुंटी विहिरीच्या वाटेपलीकडे गेली होती, म्हणजे वाट तिच्या जागेत आली. म्बाहनं ती पाहिली, वाकून दोन्ही हातांनी हलवून उपटली आणि अलीकडे आणून रोवली. "वाट सगळ्यांची आहे," म्हणाली. चारिकानं तसंच लिहून घेतलं.

दाखला यायला वेळ लागेल, कर भरायचा आहे, बरीच कागदपत्रं बाकी आहेत. मांडवीकिनारी, आज सकाळी तिच्या नातवानं आमच्या फणसाखालचं एक रोप मागून नेलं. मी मुळांना माती राहील असं खणून दिलं.